खुर्चीखालचे चार ठोकळे

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझी लिहायची खुर्ची चार इंचांनी उंच करण्यात आली. खुर्चीच्या धन्याचं मत घेण्यात आलं नाही.

अकरा वर्षं जिच्यावर बसून शब्दकोशाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, तिच्या चारही पायांखाली आता लाकडी ठोकळे आहेत. प्रत्येक ठोकळ्याला वरून नेमकी खाच, म्हणजे पाय सरकायला नको. बसून पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. चौपन्नाव्या वर्षी पाय हलवत बसलेला कोशकार! धर्मशास्त्रात याला प्रायश्चित्तसुद्धा सांगितलेलं नाही, कारण असं काही घडेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गुन्हेगार घरातलीच. आमची एकुलती एक लेक सुतारकाम करते. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. खुर्चीही तिनेच सोळाव्या वर्षी, शिकत असताना केलेली, त्यामुळे मालकीचा मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता. तरी काढला.

‘बाबा, खुर्ची मी केली, ठोकळे मी केले. तुमचं त्यात काय आहे?’

‘बैठक.’

‘ती उद्यापासून स्टुलावर.’

कारण लिहून ठेवतो. पाच मार्चला तिच्या उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर दोन-तीन महिने खाली बसायचं नाही, खोल बसायचं नाही, गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही. घरात हात असलेली खुर्ची एवढी एकच. पलंगाखालीही ठोकळे. स्वतःच्या आजारपणाची तयारी स्वतःच रंधा मारून करणारी रुग्ण मी पाहिली नव्हती. सत्तावीस वर्षांची आहे.

स्टूल डगमगतं. तेही तिला सांगितलं. म्हणाली, ‘स्टूल नाही, जमीन डगमगते.’

४ फेब्रुवारी, मंगळवार

सर्जनबाईंकडे गेलो. आजवर लेक एकटीच जायची. आज आईबापांची हजेरी. बाई ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, बोलणं मोजकं. चार डॉक्टरांनंतर कुणीतरी वाक्य पूर्ण करतं हे पाहून बरं वाटलं.

ते चार म्हणजे: पहिला म्हणाला स्नायू ताणलाय. दुसऱ्याने कंबर तपासली, कारण तो कंबरेचा डॉक्टर होता. तिसऱ्याने सल्ला दिला, ‘काम बदला.’ चौथ्याने निदान एक्स-रेचा फोटो नीट पाहिला, आणि मग म्हणाला, ‘पंचेचाळिशीपर्यंत ओढा, मग सांधा बदलून टाकू.’ अठरा वर्षं ओढा! जशी काही ती गाडी आहे आणि पुढच्या गावात गॅरेज आहे. या ओढाताणीत तीन वर्षं गेली, आणि पोरगी जिना चढताना कठडा धरायला लागली.

सर्जनबाईंनी टेबलावरचा हाडांचा नमुना हातात घेतला. ‘ही खुब्याची वाटी. हा मांडीच्या हाडाचा गोळा. तुमची वाटी उथळ आहे. गोळ्याला पुरतं छप्पर नाही, सगळा भार कडेवर येतो, म्हणून कड फाटलीय. पण आतली कूर्चा, म्हणजे सांध्याचं मऊ अस्तर, अजून चांगली आहे. म्हणून आत्ता करायचं. ती झिजली की मग सांधा बदलण्याशिवाय काही उरत नाही, आणि या वयात बदललेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागतो.’

‘म्हणजे कापून काढणार नाही?’ हिने विचारलं. ही म्हणजे लेकीची आई.

‘काहीच काढणार नाही. वाटीच्या भोवतीचं हाड कापायचं, वाटी सुटी करायची, फिरवून गोळ्यावर नीट आणायची आणि स्क्रूने बसवायची. सांधा त्यांचा त्यांनाच राहतो.’

लेक पुढे सरकली. ‘किती फिरवणार?’

‘वीस-पंचवीस अंश. नक्की आत गेल्यावर ठरतं.’

‘वाकलेल्या फळीबद्दल आम्हीपण हेच म्हणतो, नक्की कापल्यावर ठरतं. गिऱ्हाइकाला आवडत नाही.’

‘गिऱ्हाइकाला भूल द्यायची सोय नसते ना तुमच्याकडे,’ बाई म्हणाल्या.

मग दोघी स्क्रूच्या आट्यांवर बोलत बसल्या. आम्ही दोघं लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखे.

शेवटी बाईंनी विचारलं, ‘लहानपणी काही उपचार झाले होते?’

‘पट्टा होता,’ ही म्हणाली. ‘दुसऱ्या महिन्यापासून. दोन्ही पाय फाकवून धरणारा. तीन महिने, दिवसरात्र. एक तास काढला नाही.’ हिचं औषधाचं दुकान. डोस चुकवणं हे हिच्या लेखी पातक.

‘छान केलंत. तरी काहींची वाटी उथळ राहते. डावीही थोडी उथळ आहे; पण ती दुखत नाहीये. तिच्यावर लक्ष ठेवू.’

मी कोपऱ्यातल्या सांगाड्याच्या बरगड्या मोजल्या. बारा जोड्या. बरोबर होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार

मामा आले होते. म्हणजे लेकीचे मामा, माझे मेहुणे, आणि जगातल्या सर्व विषयांचे निवृत्त तज्ज्ञ.

‘कापाकापी कशाला? आमच्या ऑफिसातल्या एकाचा खुबा नुसत्या तेलाने बरा झाला.’

‘मामा, त्याच्या वाटीचं छप्पर तेलाने वाढलं?’

‘तसं नाही गं. पण दुखायचं थांबलं.’

‘आता कुठे असतात ते?’

मामा घुटमळले. ‘वारला. पण खुब्याने नाही.’

लेक इतकी हसली की कंबर धरून बसली. जाताना मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या घराण्यातच हाडं कच्ची.’ मी म्हटलं, ‘आमच्या घराण्यात मेहुणे पक्के मिळाले, त्यात सगळं आलं.’

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिने सर्जनबाईंना पट्ट्याबद्दल जे सांगितलं, त्यात एक दुरुस्ती होती. ती मी तिथे केली नाही. पत्राने करू, असं ठरवलं. पत्रलेखनात आपला हात कोण धरणार!

पहिला खर्डा: पहिलंच वाक्य नऊ ओळींचं, क्रियापद शेवटच्या ओळीत, आणि ते येईपर्यंत मलाच विसर पडला की काय कबूल करायचं होतं. दुसरा खर्डा: मायन्यातच अडलो. ज्या बाई आपल्या मुलीचं हाड कापणार त्यांना ‘सप्रेम नमस्कार’ म्हणावं की ‘सविनय’? तिसरा: चार ओळींत सगळं आलं. तो सर्वांत वाईट.

तिन्ही फाडले. चार ओळी माणसाला इतक्या जड कशा होतात?

४ मार्च, मंगळवार

दवाखान्यात दाखल. फॉर्मवर ‘रुग्णाचा व्यवसाय’ या रकान्यात तिने ‘सुतार’ लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी ते खोडून ‘गृहिणी’ केलं. लेकीने ते खोडून पुन्हा ‘सुतार’ केलं. तिसऱ्या खेपेला बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘मी बसतो ती खुर्ची तिने केलीय. बसत होतो ती.’

५ मार्च, बुधवार

सकाळी आठला आत नेलं. बाहेर एकमेकांना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एकजण हलला की सगळी रांग हलते. साडेचार तास आम्ही एका अनोळखी आजोबांच्या खोकल्याबरोबर हललो.

वेळ जाईना म्हणून मनातल्या मनात शब्दरूपं चालवली. देवः देवौ देवाः. सगळ्या विभक्त्या, मग स्त्रीलिंगी, मग नपुंसकलिंगी. सर्वनामांपर्यंत आलो तेव्हा ही एकदम म्हणाली, ‘अहो, आपण तेव्हा सगळं नीट केलं होतं, नाही का?’

‘तू तर केलंच होतंस,’ मी म्हणालो.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं.

साडेबाराला बाई बाहेर आल्या. टोपीची खूण कपाळावर. ‘वाटी छान फिरली. कड शिवली. कूर्चा चांगली निघाली, वेळेवर आलात. आता हाड जुळून आलं की झालं. ते काम माझं नाही, तिचं आणि तुमचं. आठ आठवडे.’

हिने माझा दंड धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

१० मार्च, सोमवार

घरी आणलं. फोटोची प्रत तिने खिडकीच्या उजेडात धरली. चार स्क्रू.

‘तिसरा जरा तिरका गेलाय.’

‘बाईंना कळवू का?’

‘नको. मलाही कधीकधी जातो. दिसत नाही तोवर चालतं.’

खुर्चीत बसली. पाय व्यवस्थित टेकले, कारण माप तिच्या पायांचं घेतलेलं. मी स्टुलावर. जमीन अजून डगमगते.

१७ मार्च, सोमवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात. लेकीने त्यांचं नाव ‘पंधरा किलो’ ठेवलंय. उजव्या पायावर पंधरा किलोच्या वर भार द्यायचा नाही, हा त्यांचा एकमेव मंत्र. शिकवायची पद्धत अशी: वजनाच्या काट्यावर उजवा पाय ठेवायचा, कुबड्यांवर रेलायचं, आणि काटा पंधरावर आणून ती भावना पायाला पाठ करायची.

‘भावना पाठ होते?’ मी विचारलं.

‘रोज केली की होते,’ बाई म्हणाल्या. ‘घरात कोण असतं दिवसभर?’

‘मी.’

‘मग लक्ष तुम्ही ठेवायचं. दुपारी पेशंट हट्ट करतात.’

त्यांनी हे सहज म्हटलं. मी काट्याची काच पुसायला घेतली.

२८ मार्च, शुक्रवार

आज दिवसभरात ‘बाबा’ ही हाक एकतीस वेळा. पाणी. पेन्सिल. ती नव्हे, दुसरी पेन्सिल. पडदा. पडदा पुन्हा. संबोधनाची विभक्ती भाषेतून काढून टाकावी, असा प्रस्ताव कोशमंडळापुढे मांडणार आहे.

६ एप्रिल, रविवार

हे लिहावं की नाही, याचा विचार करत संध्याकाळ घालवली. लिहितो.

सकाळी हिने माळ्यावरची पेटी काढली. लेक कंटाळली होती, तिला लहानपणचे कपडे दाखवायचे होते. टोपरी, झबली, आणि तळाशी मऊ कापडात गुंडाळलेला तो पट्टा. जाड कापडाच्या वाद्या, धातूची बक्कलं, दोन छोटे पायमोजे. ‘बघ, किती जपून ठेवलाय,’ ही म्हणाली, आणि दुकानात गेली.

लेकीने पट्टा हातात घेतला. लाकूड घेते तसाच: आधी वजन, मग कडा, मग झीज. वाद्यांची भोकं बोटाने चाचपली. छातीवरच्या वादीची भोकं घट्ट होती. पायांच्या वाद्यांचं एकएक भोक ताणून लांबट झालेलं. शेजारी निळ्या-काळ्या शाईची बारीक रेघ. बक्कल कुठे आणून थांबवायचं, त्याची खूण.

तिने ती रेघ पाहिली. मग माझ्या टेबलावरची दौत पाहिली. तीस वर्षं मी एकच शाई वापरतो. मग पट्टा घडी करून ठेवला आणि म्हणाली, ‘शिवण छान आहे.’

आता ते सगळं. तेव्हाही ही दुकानात जायची आणि मी घरी चिठ्ठ्या लिहायचो. दुपारी दोन वाजले की पोर रडायला लागायची. साधं रडणं नव्हे; निळी पडायची. तिसऱ्या दिवशी मी पायांची बक्कलं सोडली. ती गप्प झाली. पाय झाडले, आणखी झाडले. मी काहीतरी बोलायचं म्हणून देवः देवौ देवाः म्हटलं, आणि ती हसली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग रोज. एक तास. कधी दीड. ही यायच्या आत पुन्हा बांधायचो, खुणेवर बरोबर आणून. ‘डॉक्टरांशिवाय कुणी हात लावायचा नाही,’ हे मला माहीत होतं. एक तासाने काय होतं, हेही मी स्वतःला रोज विचारायचो, आणि स्वतःच उत्तर द्यायचो.

नऊ दिवसांनी ही आनंदाने ओरडली, ‘अहो, हसली! पहिल्यांदा हसली!’ मी धावत जाऊन आश्चर्य केलं. हिने तारीख वहीत लिहून ठेवली. ती तारीख चुकीची आहे.

त्या वर्षीची रोजनिशी आज काढून पाहिली. त्या तासांबद्दल एक अक्षर नाही. कागदाशीसुद्धा खोटं बोललो होतो.

७ एप्रिल, सोमवार

तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

अजून नाही. जेवताना मीठ मागितलं, तेवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारचे दोन. ही दुकानात. लेकीने सहकाऱ्याकडून एक फळी आणि रंधा मागवून घेतला होता. फळी खिडकीखालच्या टेबलाला शिकंज्याने आवळलेली.

‘बाबा, कुबड्या जरा भिंतीला लावा. पाच मिनिटं दोन्ही पायांवर उभी राहते. रंधा बसून मारता येत नाही.’

‘पंधरा किलो.’

‘पंधरा किलोबाई येणार नाहीत आज.’

‘मी आहे.’

‘तुम्ही कधीपासून एवढे कडक झालात?’ मग जराशी हसली. ‘तेव्हा सोडायचात ना पट्टा? शाई ओळखते मी. मग आता एवढं सोडा.’

राग नव्हता तिच्या बोलण्यात. म्हणूनच कुठे लपायला जागा राहिली नाही.

‘रोज सोडायचो,’ मी म्हणालो. ‘एक तास. तू रडायचीस म्हणून.’

‘मग?’

‘मग नाही.’

मी रंधा उचलला आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो. तिला वाटलं मी गंमत करतोय. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती रडायला लागली. ऑपरेशननंतरही रडली नव्हती. ‘सात आठवडे मी काय आहे बाबा, एक सामान! हात विसरतील माझे. आलेली कामं दुसरीकडे गेली. पाच मिनिटांनी काय होतंय?’

काय होतं, ते मला माहीत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वीही माहीत नव्हतं. मी उठलो नाही. मान्य करतो, दोनदा उठता उठता राहिलो. रंध्याचं पातं बोटाला लागलं. ती पाऊण तास रडली. मग नाक पुसून म्हणाली, ‘चहा तरी करा. त्याला किती किलो?’

चहा केला. तो कडू झाला, आणि तिने तसं सांगितलं.

तेव्हाही एवढंच करायचं होतं. जवळ बसून राहायचं.

२५ एप्रिल, शुक्रवार

हिला सांगितलं. भाजी निवडताना. चार ओळींत, तिसऱ्या खर्ड्याप्रमाणे.

हिचे हात थांबले. मी भांडणाची वाट पाहिली. निदान ताट आपटण्याची. लेक आतून म्हणाली, ‘आई, मला माहीत होतं.’ ही पुन्हा देठ वेगळे, पानं वेगळी करत राहिली. शेवटी म्हणाली, ‘मग पहिल्यांदा हसली ती कधी?’

मी तारीख सांगितली. हिने वही काढून जुनी तारीख खोडली, आणि नवी लिहिली नाही.

२७ एप्रिल, रविवार

घरात दोघीही माझ्याशी नीट बोलतात. हे फार त्रासदायक आहे.

३० एप्रिल, बुधवार

फोटो काढला. हाड जुळलंय. सर्जनबाई पहिल्यांदाच रुंद हसल्या. आता हळूहळू भार वाढवायचा, महिन्याभरात कुबड्या सुटतील, पुढे रंधासुद्धा. लेकीने त्यांना तिरक्या स्क्रूबद्दल सांगितलंच. ‘तो मुद्दाम तसा आहे,’ बाई म्हणाल्या. ‘सगळे असंच म्हणतात,’ लेक म्हणाली.

घरी येऊन मी आधी खुर्चीकडे वळलो. ‘अजून महिनाभर तुझी. मग हे ठोकळे चुलीत घालतो,’ म्हटलं.

‘ठेवा, बाबा,’ ती म्हणाली. ‘डाव्यासाठी लागतील. महिनाभर दुखतोय.’

पट्टा दोन्ही पायांना होता. मला भीती वाटते.